वकिलातीच्या हिरवळीवरून दिसलेलं बंड

डिसेंबर १९२८. काबूल शहराबाहेर, वायव्येला, ब्रिटिश वकिलातीच्या हिरवळीवर माणसं कापडाच्या पट्ट्या अंथरत होती. पेशावरला जाणारी तार तुटली होती. वकिलातीच्या एका अंगाला राजाचं सैन्य, दुसऱ्या अंगाला बंडखोर, आणि दोघांच्या गोळ्या मधल्या बंगल्यांच्या भिंतींवर आदळत होत्या. पट्ट्यांची अक्षरं जुळवून वर घिरट्या घालणाऱ्या वैमानिकाला निरोप दिला जात होता: उंचावरूनच उडा, खाली उतरू नका, इथे सगळे सुखरूप आहेत.

त्या वकिलातीचे प्रमुख होते सर फ्रान्सिस हम्फ्रीज. १९२२पासून ते काबूलला होते. त्याआधी त्यांची उमेदीची वर्षं वायव्य सरहद्दीवर, पठाणांच्या मुलखात गेली होती. तिथली भाषा आणि माणसं ते ओळखून होते. त्यांच्यासमोर जे घडत होतं ते कसं वळण घेणार, कुणाच्या अंगावर जाणार, हे त्यांना दिल्लीला आणि लंडनला कळवायचं होतं. राजा होता अमानुल्लाखान, वय छत्तीस. देशाला स्वातंत्र्य मिळवून देणारा, राज्यघटना देणारा, मुलींच्या शाळा काढणारा राजा. पुढच्या महिन्याभरात त्याने गादी सोडली.

हा प्रसंग बहुतेकदा एका वाक्यात सांगितला जातो: राजाने लोकांना कोट-टोपी घालायला लावली, राणीने बुरखा काढला, मुल्ला भडकले, कबिले उठले. हे खोटं नाही. पण हे असंच का सांगितलं जातं, याला एक कारण आहे. ही गोष्ट जगाला मुख्यतः परदेशी वकिलातींच्या कागदांतून कळली, आणि वकिलातीतल्या माणसाला टोपी दिसते. जकातनाक्यावरची लाच त्याला दिसत नाही.

दरबारातला वकील

मराठी वाचकाला हे काम अनोळखी नाही. आपल्याकडे ‘वकील’ हा शब्द कोर्टाच्या आधी दरबारातला होता. पेशव्यांचे वकील, उदाहरणार्थ हिंगणे, दिल्लीत राहून पुण्याला पत्रं पाठवत: कोण कुणाच्या भेटीला गेला, खजिन्यात काय उरलं, फौजेचा पगार किती महिने थकला. त्या पत्रांशिवाय अठराव्या शतकातली दिल्ली आपल्याला अर्धीसुद्धा कळली नसती. पण ती दिल्ली पुण्याच्या गरजेतून पाहिलेली आहे, हेही खरं.

१९२०च्या दशकातलं काबूल तसंच आहे. स्वातंत्र्य मिळाल्यावर तिथे सोव्हिएत रशिया, तुर्कस्तान, इराण, इटली, फ्रान्स, जर्मनी, ब्रिटन अशा वकिलाती उभ्या राहिल्या. प्रत्येकाकडे मुनशी, दुभाषे, ओळखीचे व्यापारी, डॉक्टर. ब्रिटिशांकडे शेख महबूब अली नावाचे ओरिएंटल सेक्रेटरी होते. भेटीगाठी, कानोसा आणि भाषा यांची सगळी भिस्त त्यांच्यावर. बातमी अशा पाच-सात तोंडांतून वकिलातीत यायची आणि मग कागदावर उतरायची. ज्या शिनवारी (पुढे उठलेल्या एका पश्तून कबिल्यातल्या) माणसाने चौकी जाळली, तो स्वतः काय म्हणत होता हे त्या कागदात येईपर्यंत बरंच गळून जायचं.

शब्दाबद्दलही एक सांगून टाकतो. मराठीत आपण ‘टोळ्या’ म्हणतो आणि डोळ्यांसमोर दरोडेखोर येतात. म्हणून मी ‘कबिला’ म्हणतो. जुन्या मराठीत ‘कबिला’ म्हणजे बायकामुलांसह अख्खं कुटुंब, आणि पश्तून कबिला हे त्याचंच अवाढव्य रूप आहे: एका मूळपुरुषाची वंशावळ सांगणारे, जमीन, भांडण आणि सूड एकत्र वाहणारे लोक. त्यांचे पोटभाग म्हणजे ‘खेल’, त्यांचे पुढारी म्हणजे मलिक, आणि त्यांची पंचायत म्हणजे जिरगा.

पैसा कुठून आणायचा

अमानुल्लाचा बाप अमीर हबीबुल्ला फेब्रुवारी १९१९मध्ये शिकारीच्या मुक्कामावर तंबूत मारला गेला. तिसऱ्या मुलाने काबूलचा खजिना आणि सैन्य ताब्यात घेऊन गादी मिळवली आणि मे महिन्यात ब्रिटिशांशी युद्ध पुकारलं. युद्ध थोडक्यात आटोपलं. ब्रिटिश विमानांनी काबूलवर बाँब टाकले, तिकडे नादिरखान नावाच्या सेनापतीने ब्रिटिशांच्या ठल ठाण्याला वेढा घातला. ८ ऑगस्टला रावळपिंडीत तह झाला आणि अफगाणिस्तानचं परराष्ट्र धोरण अफगाणिस्तानच्या हातात आलं.

या स्वातंत्र्याची एक किंमत होती, आणि माझ्या मते सगळी गोष्ट तिथून सुरू होते. आधीच्या अमिरांना ब्रिटिश सरकार दरसाल तैनात देत असे, पुढे ती १८ लाख रुपयांपर्यंत गेली होती. त्या बदल्यात परराष्ट्र व्यवहार ब्रिटिशांच्या सल्ल्याने चालायचा. त्या पैशातून आणि बंदुकांतून अमीर कबिल्यांना धाकात आणि खुशीत ठेवायचा. १९१९नंतर तैनात बंद झाली. नव्या राजाला शाळा, रस्ते, छापखाने, परदेशात विद्यार्थी, विमानं, राजधानीसाठी नवी दारुलअमान वसाहत असं सगळं हवं होतं. पैसा देणारं बाहेरचं कुणी नव्हतं. उरला शेतकरी आणि वाटेवरचा व्यापारी.

मग सारा धान्याऐवजी रोख मागायला सुरुवात झाली. ऐकायला ही साधी गोष्ट वाटते. पण ज्या खोऱ्यात वर्षातून एकदाच पीक येतं आणि नाणं क्वचित दिसतं, तिथे रोख सारा म्हणजे पीक पडत्या भावाने विकणं किंवा सावकार. वर जकात वाढली. ओळखपत्रं आली. त्यांच्याशिवाय कचेरीत काम होईना, आणि ती देणारा कारकून हात पुढे करी. कायद्यांची पुस्तकं, म्हणजे ‘निजामनामे’, एकामागून एक निघत गेली: लग्नाचं वय, हुंडा आणि देज, शिक्षा, सैन्यभरती. १९२३ला राज्यघटना आली. कागदावर हे काम थक्क करणारं आहे. मला त्या राजाबद्दल मनापासून आदर वाटतो: हजारा या जमातीची गुलामगिरी त्याने कायद्याने संपवली. त्या काळात, त्या मुलखात, हे लहान काम नव्हतं.

सैन्यभरतीचं उदाहरण पाहिलं की खरी अडचण समजते. अब्दुर रहमान या अमानुल्लाच्या आजोबाच्या काळात ‘हश्त नफरी’ची पद्धत आली. हश्त म्हणजे आठ, नफर म्हणजे माणूस (मोडी कागदांत माणसं मोजताना ‘नफर’ शब्द आपल्याकडेही येतो). आठातला एक शिपाई द्यायचा. पण कोणता एक, ते गावचा मलिक आणि जिरगा ठरवणार. उरलेले सात त्याच्या घराकडे बघणार. अमानुल्लाच्या राज्यात चिठ्ठ्या टाकून भरती सुरू झाली. चिठ्ठी निःपक्षपाती, आधुनिक, बरोबर. पण आता निवड सरकार करणार होतं. मलिकाचा शब्द गेला, त्याबरोबर त्याचा मानही गेला. घरातला एकुलता एक हात गेला तर कुणाकडे दाद मागायची, हा प्रश्न उरला. राज्य आणि रयत यांच्यामधला पाटील एका रात्रीत काढून टाकल्यासारखं झालं, आणि त्याच्या जागी आलेल्या अंमलदाराला गाव ओळखत नव्हतं.

पहिला इशारा: खोस्त

१९२४च्या वसंतात दक्षिणेकडच्या खोस्त भागात मंगल कबिला उठला. पुढारी होता ‘मुल्ला-ए-लंग’, लंगडा मुल्ला. एका हातात कुराण आणि दुसऱ्या हातात नवा निजामनामा घेऊन तो लोकांना विचारी, यातलं कोणतं मानायचं? कारण घरगुती होतं. लग्न आणि मुलींच्या वाग्दानाबद्दलच्या कज्ज्यात सरकारने नव्या कायद्याने हात घातला होता. बंड मोडायला जवळजवळ वर्ष गेलं. राजाला इतर कबिल्यांची मदत घ्यावी लागली, आणि लोया जिरगा, म्हणजे देशाची महापंचायत, भरवून काही सुधारणा मागे घ्याव्या लागल्या. पुढे मुल्लाला साथीदारांसह देहदंड झाला. काबूलमध्ये विजयाचा एक मनोरा उभा राहिला. त्याचं नाव ‘ज्ञान आणि अज्ञानाचा मिनार’. तो मला फार बोलका वाटतो. राजाने आपल्याच लोकांशी झालेलं युद्ध ज्ञानाचं अज्ञानाशी झालेलं युद्ध म्हणून दगडात कोरून ठेवलं. मंगलांचं गाऱ्हाणं काय होतं, ते कुठे कोरलं नाही.

त्या बंडात ब्रिटिशांनी राजाला दोन विमानं विकली आणि जर्मन वैमानिकांनी ती उडवली. हे लक्षात ठेवा, पुढे कटाच्या गोष्टी येणार आहेत.

टोपी, कोट आणि हजार माणसं

डिसेंबर १९२७मध्ये राजा आणि राणी सुरैया युरोपच्या दौऱ्यावर निघाले, ते मुंबईहून. मुंबईत त्यांचं थाटात स्वागत झालं. स्वतंत्र आशियाई राजा पाहायला लोकांनी रस्ते फुलून गेले होते. तिथून इजिप्त, इटली, फ्रान्स, जर्मनी, ब्रिटन, पोलंड, रशिया, तुर्कस्तान, इराण. बर्लिनमध्ये त्याने भुयारी रेल्वे चालवून पाहिली. त्या प्रकारच्या डब्यांना बर्लिनकर पुढे कित्येक वर्षं ‘अमानुल्ला’ म्हणत. राणी युरोपात बुरख्याशिवाय वावरली आणि तिची छायाचित्रं वर्तमानपत्रांत आली. तुर्कस्तानात तिथला अध्यक्ष अतातुर्क याने अमानुल्लाला आधी सैन्य सांभाळ असं बजावलं, असं सांगतात.

१९२८च्या जुलैत राजा मोटारीने हेरात-कंदाहारमार्गे परतला. ऑगस्टअखेरीस काबूलजवळच्या पगमानला लोया जिरगा भरली. देशभरातून सुमारे हजार प्रतिनिधी आले, दाढी-पगडीवाले, सैल सदऱ्यातले. त्यांना काळे कोट, पाटलोणी, गळपट्टे आणि युरोपी टोप्या दिल्या गेल्या. तो पोशाख केल्याशिवाय सभेत बसता येईना. एखाद्या साठीच्या मलिकाची कल्पना करा. आपल्या मुलखात त्याच्या पगडीच्या बांधणीवरून कबिला ओळखला जातो. इथे तो अपुऱ्या मापाच्या कोटात, घामाघूम, राजाचं भाषण ऐकत बसला आहे. घरी परतल्यावर त्याने गावाला काय सांगितलं असेल? तीन वर्षांची सक्तीची सैन्यसेवा, निवडून आलेली संसद, लग्नाच्या वयाची अट, या सगळ्याआधी त्याने तो कोट सांगितला असणार.

ऑक्टोबरमध्ये काबूलला राजाने पाच दिवस भाषणं केली. शेवटी राणी सुरैयाने सगळ्यांसमोर आपला बुरखा काढला. काबुलात युरोपी वेश सक्तीचा झाला. आठवड्याची सुट्टी शुक्रवारऐवजी गुरुवारी आली. मुलींची एक तुकडी शिकायला तुर्कस्तानला गेली. शोर बाजारच्या हजरतांच्या घराण्यातल्या, म्हणजे देशातल्या सर्वात वजनदार धर्मघराण्यातल्या, माणसांना अटक झाली. काबूलचे काझी अब्दुर रहमान यांना देहदंड दिला गेला.

परदेशी वकील यातल्या अनेक समारंभांना पाहुणे म्हणून बोलावलेले असत. त्यांच्यासाठी हे डोळ्यांदेखतचं होतं आणि लिहायला सोपं होतं. लंडन किंवा पॅरिसमध्ये टेबलावर बसून वाचणाऱ्याला टोपीची गोष्ट लगेच समजते. रोख साऱ्याची समजत नाही. म्हणूनच इतिहासाच्या पुस्तकांत टोपी एवढी मोठी झाली.

हम्फ्रीज यांना मात्र सरहद्दीच्या अनुभवामुळे दुसरी एक गोष्ट दिसत होती: सैन्य. शिपायाला तुटपुंजा पगार, तोही वेळेवर नाही, वर निकृष्ट शिधा. तुर्की सल्लागारांच्या मताने सैन्याची काटछाट झाली होती. १९१९चा नायक नादिरखान युद्धमंत्रिपदावरून दूर होऊन आधी पॅरिसला वकील म्हणून गेला आणि नंतर नीसमध्ये राहू लागला. ज्या राजाला देशातल्या प्रत्येक घराची रीत बदलायची होती, त्याच्या मागे उभं राहायला तीन-चार भरवशाच्या पलटणीही उरल्या नव्हत्या.

दोन बाजूंनी

नोव्हेंबर १९२८मध्ये शिनवारी उठले. हा कबिला जलालाबाद आणि खैबरच्या मधल्या वाटेवर राहतो. भारत आणि काबूल यांच्यामधला सगळा माल याच वाटेने जाई. तांड्यांना संरक्षण देऊन पट्टी घेणं ही त्यांची पिढ्यानपिढ्यांची कमाई. सरकारने वाट आपल्या हाती घेतली, चौक्या बसवल्या. चौकीवरचे अंमलदार मात्र शिनवाऱ्यांकडूनच पैसे उकळत. शिनवाऱ्यांनी चौक्या लुटल्या आणि जलालाबादला वेढा पडला. तिथला राजाचा हिवाळी महाल आणि ब्रिटिश कॉन्सुलेट जाळलं गेलं. त्यांच्या जाहीरनाम्यात राणी, पोशाख, शरियत हे सगळं होतं. ते त्यांच्या मनातलं नव्हतं असं मी म्हणणार नाही. धर्मावरची चोट त्यांना खरोखर लागली होती. पण चौकीवरचा हवालदार आणि चिठ्ठीची भरती नसती, तर नुसत्या राणीच्या छायाचित्रासाठी एवढी माणसं हिवाळ्यात घराबाहेर पडली असती का?

राजाने आपलं उरलंसुरलं सैन्य पूर्वेला पाठवलं आणि काबूलचं उत्तर दार उघडं पडलं. तिथून आला हबीबुल्ला कलकानी. कोहदामन खोऱ्यातला ताजिक, पळून गेलेला शिपाई, मग वाटमाऱ्या. बाप सैन्याला पाणी वाहून देणारा पखालजी, म्हणून त्याला ‘बच्चा-ए-सक्का’, पखालजीचा पोर म्हणत. लक्षात घ्या, हा पश्तून कबिल्याचा माणूस नव्हता. शिनवारी आणि तो यांचं एकमेकांशी काही ठरलेलंही नव्हतं. उत्तरेच्या खोऱ्यांतले पीर आणि मुल्ला त्याच्या पाठीशी उभे राहिले. १४ डिसेंबरला तो काबूलच्या वेशीवर आला, आणि वाटेत होती ब्रिटिश वकिलात.

हम्फ्रीज फाटकावर जाऊन त्याच्याशी बोलले आणि परदेशी माणसांना हात लावणार नाही असं वचन त्यांनी त्याच्याकडून मिळवलं. ते त्याने बऱ्यापैकी पाळलं. जवळपास दहा दिवस लढाई वकिलातीच्या आवाराभोवतीच चालली. अखेर विमानातल्या बाँबचे तुकडे लागून जखमी झालेला कलकानी मागे हटला.

त्याच सुमारास, २३ डिसेंबरला, ब्रिटिश हवाई दलाने वकिलातींच्या बायका-मुलांना विमानांनी पेशावरला न्यायला सुरुवात केली. त्यासाठी इराकमधून मोठी मालवाहू विमानं आणली गेली. हिवाळा, बर्फ, दहा हजार फुटांपर्यंतचे डोंगर, उघड्या कॉकपिटमधले वैमानिक. २५ फेब्रुवारीपर्यंत वेगवेगळ्या देशांच्या ५८६ लोकांना तिथून काढलं. एवढ्या मोठ्या प्रमाणावर माणसं विमानाने सोडवण्याचा जगातला हा पहिलाच प्रसंग मानतात. शेवटच्या दिवशी हम्फ्रीज झेंडा उतरवून निघाले.

मधल्या काळात राजाने एकेक सुधारणा मागे घेतली. तुर्कस्तानला गेलेल्या मुलींना परत बोलावण्याचंही कबूल केलं. कुणाला विश्वास वाटला नाही. जलालाबादला समेट करायला पाठवलेला त्याचा नातलग अली अहमदखान याने तिथेच स्वतःला अमीर जाहीर केलं. १४ जानेवारी १९२९ला अमानुल्लाने थोरल्या सावत्रभावाला, इनायतुल्लाला, गादी दिली आणि मोटारीने कंदाहारकडे निघाला. इनायतुल्ला तीन दिवस राजा होता. हम्फ्रीज यांच्या मध्यस्थीने त्याला कुटुंबासह ब्रिटिश विमानातून पेशावरला नेलं गेलं. काबूलच्या तख्तावर पखालजीचा पोर बसला.

प्रत्येकाची खिडकी

एकच घटना, पण वकिलाती वेगळं पाहत होत्या. ब्रिटिशांना काबूलपेक्षा पेशावरची काळजी होती. १८९३ची ड्युरंड रेषा, म्हणजे अफगाणिस्तान आणि ब्रिटिश हिंदुस्थान यांच्यातली सरहद्द, एकाच जातकुळीच्या लोकांच्या मधून जाते. पलीकडे शिनवारी उठले तर अलीकडे आफ्रिदी आणि वझीर हे कबिले उठतील का, हा त्यांचा मुख्य प्रश्न होता. त्यामुळे त्यांच्या कागदांत कबिल्यांच्या हालचाली बारकाईने येतात. कोण कुठे जमा होतो, किती बंदुका, कोणता मुल्ला. सारा-जकातीचं गाऱ्हाणं तेवढं येत नाही. त्यांनी तटस्थ राहायचं ठरवलं. गादीवर कुणी का बसेना, तो रशियाचा नसावा एवढीच त्यांची मुख्य इच्छा.

मॉस्कोला नेमकं उलटं दिसलं. अफगाण हवाई दलात सोव्हिएत वैमानिक होते आणि बंडखोरांवर तेच बाँब टाकत होते. मॉस्कोची अधिकृत भूमिका अशी, की हे सगळं ब्रिटिश कारस्थान आहे. गंमत म्हणजे तिथल्याच एका गटाला कलकानीत पिचलेल्या शेतकऱ्यांचा पुढारी दिसत होता आणि त्यावर वाद झाला. शेवटी भीती जिंकली. कलकानीच्या उत्तरेकडच्या साथीदारांत सोव्हिएत मध्य आशियातून पळालेला बंडखोर इब्राहिम बेक होता. एप्रिल १९२९मध्ये सोव्हिएत सेनानी प्रिमाकोव्हच्या हाताखाली, अफगाण गणवेश घातलेली तुकडी सरहद्दीवरची आमू दर्या नदी ओलांडून मझार-ए-शरीफपर्यंत आली. सोबत अमानुल्लाचा मॉस्कोतला वकील गुलाम नबी चर्खी होता. राजा देश सोडून गेल्यावर ती गुपचूप परतली.

तुर्कस्तानसाठी तर हा स्वतःच्याच क्रांतीचा धाकटा भाऊ होता. तुर्की आणि सोव्हिएत वकिलाती काबूलमध्येच थांबल्या. जर्मन आणि फ्रेंच लोकांची शाळा, यंत्रं आणि कंत्राटं अडकली होती.

ब्रिटिश कटाची गोष्ट भारतातही घरोघर पोचली. त्याला एक नाव चिकटलं: अरबस्तानचा लॉरेन्स, पहिल्या महायुद्धात अरबांना तुर्कांविरुद्ध उठवणारा ब्रिटिश अधिकारी. तो खरोखरच त्या वेळी ‘शॉ’ या नावाने हवाई दलात साध्या शिपायासारखा सरहद्दीवरच्या मीरमशाह ठाण्यावर काम करत होता. वर्तमानपत्रांनी त्याला पीराच्या वेशात कबिले भडकवताना दाखवलं. काबूलहून हम्फ्रीज यांनीच त्याला हलवा म्हणून आग्रह धरला आणि जानेवारी १९२९मध्ये मुंबईहून बोटीने त्याची रवानगी झाली. कटाचा पुरावा पुढे दफ्तरं उघडल्यावरही सापडला नाही. पण लोकांनी संशय का घेतला, हे समजण्यासारखं आहे. शंभर वर्षांत ज्याच्याशी तीन युद्धं झाली त्या शेजाऱ्याच्या विमानातून राजाचा भाऊ देशाबाहेर जातो, हे लोकांनी डोळ्यांनी पाहिलं होतं.

काबूलमध्येच राहून हे पाहणारा एक अफगाण इतिहासकारही होता, फैज मुहम्मद कातिब, जातीने हजारा. कलकानीच्या अमलातली काबूलची दैना त्याने रोजनिशीत टिपली. हजारांनी कलकानीला मान द्यावा म्हणून त्याला दूत करून पाठवलं गेलं, ते जमलं नाही तेव्हा मारहाण सोसावी लागली. त्याच्या नोंदींत वकिलातींच्या कागदांत न दिसणारी गोष्ट दिसते: सगळे कबिले राजाविरुद्ध नव्हते. ज्या हजारांची गुलामगिरी राजाने संपवली, ते डोंगरांत शेवटपर्यंत त्याच्या बाजूने लढले. ज्यांना सुधारणेतून काही मिळालं होतं, त्यांनी टोपीकडे पाहिलं नाही.

मुंबईत दोन वाटा

कंदाहारहून अमानुल्लाने गादीचा त्याग मागे घेतला आणि वसंतात गझनीपर्यंत चाल केली. पण घिलझाई कबिल्यांनी वाट अडवली. दुर्राणी कबिल्यातल्या राजघराण्याशी त्यांचं जुनं वैर होतं. भावंडांच्या रक्तपाताला कंटाळून की उमेद संपून, तो मागे फिरला. २३ मे १९२९ला चमनला सरहद्द ओलांडून तो रेल्वेने मुंबईत आला. दीड वर्षापूर्वी याच शहरात त्याच्यासाठी तोफा झडल्या होत्या. जूनमध्ये इथेच त्याला मुलगी झाली आणि तिचं नाव ठेवलं ‘इंडिया’. मग सारं कुटुंब बोटीने इटलीला गेलं. तो परत आला तो १९६०मध्ये झुरिकला वारल्यावर, जलालाबादला दफन होण्यासाठी.

त्याच मुंबईच्या धक्क्यावर फेब्रुवारीत आजारी नादिरखान फ्रान्सहून उतरला होता. भावांसह तो सरहद्दीवर गेला आणि महिनोन्‌महिने तेच केलं जे अमानुल्लाने सोडून दिलं होतं: जिरग्यांत बसला, मलिकांना भेटला, रुसलेल्यांना समजावलं, वचनं दिली. वझीर आणि मसूद लढवय्यांच्या बळावर ऑक्टोबरमध्ये काबूल पडलं. १६ ऑक्टोबरला तो राजा झाला आणि १ नोव्हेंबरला कलकानीला साथीदारांसह ठार केलं गेलं. मदतीच्या बदल्यात दक्षिणेच्या कबिल्यांना सक्तीच्या सैन्यसेवेतून सूट मिळाली. मुलींच्या शाळा बंद राहिल्या. १९३०ला ब्रिटिश वकिलात पुन्हा उघडली आणि नवे वकील मॅकोनॅकी शांत काबूलबद्दल लिहू लागले. १९३३मध्ये एका विद्यार्थ्याने नादिरला गोळ्या घातल्या. त्याचा एकोणीस वर्षांचा मुलगा झहीर गादीवर आला आणि चाळीस वर्षं राहिला.

ऑगस्ट १९५९. काबूलमध्ये स्वातंत्र्याच्या उत्सवाचं संचलन. पंतप्रधान दाऊदखान मंचावर उभे होते आणि त्यांच्या शेजारी राणी हुमैरा आणि राजघराण्यातल्या बायका उघड्या चेहऱ्याने बसल्या. आधी फर्मान निघालं नव्हतं, भाषण झालं नव्हतं, कुणावर सक्ती नव्हती. मुल्लांचं शिष्टमंडळ विरोध करायला आलं तेव्हा दाऊदखानांनी कुराणातला आधार दाखवा म्हटलं आणि काही दिवस त्यांना तुरुंगात ठेवलं. मंचासमोरून रशियन रणगाडे आणि पगार मिळालेलं सैन्य चाललं होतं.